पेपर घरी, पदवी बाजारात : ‘ओपन बुक’च्या अनुभवातून आपण काय शिकलो?

सराफा, इंदूर (प्रतिनिधी) : प्रश्नपत्रिका घरी घ्यायची, पुस्तक उघडून उत्तरं लिहायची आणि ठरलेल्या तारखेला जमा करायची. कॉलेजच्या परीक्षेची ही पद्धत कुणाला सांगितली की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘मग ती परीक्षा कसली?’ आणि दुसरी, ‘आमच्या वेळी असं पाहिजे होतं!’ दोन्हींत हसण्यापलीकडे फारसं काही नसतं. पण आता हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

कारणं दोन आहेत. सीबीएसईने नववीसाठी २०२६-२७ पासून उघड्या पुस्तकाच्या मूल्यमापनाला मंजुरी दिली आहे. शाळेत आलेली गोष्ट उद्या कॉलेजात येणारच. दुसरं कारण म्हणजे मोबाईलमधली एआयची अ‍ॅप्स. नोव्हेंबर २०२२ अखेर चॅटजीपीटी आलं आणि घरी बसून उत्तर लिहिणं याचा अर्थच बदलला. पूर्वी पुस्तकात उत्तर शोधावं तरी लागायचं, आता प्रश्नाचा फोटो काढला की काम झालं.

हे सगळं सराफ्यातून लिहिण्याला कारण आहे. पदवी विद्यापीठात मिळते, पण तिची किंमत ठरते ती अशा बाजारात. इथल्या पेढ्यांना, आसपासच्या अकाउंटिंगच्या ऑफिसांना आणि सीएच्या फर्मना दरवर्षी बी.कॉम. झालेली पोरं लागतात. त्यात निमाडातून आलेले असतात, खानदेशातून सेंधव्याचा घाट चढून आलेले असतात आणि इंदूरच्या जुन्या मराठी घरांतलेही असतात. मार्कशीट कुठल्याही विद्यापीठाची असो, टेबलावर ती एकाच ढिगात पडते. प्रश्न असा, की ते मार्क एकाच मापाने मोजलेले असतात का?

२०२० मध्ये नेमकं काय झालं होतं?

घरच्या परीक्षेचा मोठा प्रयोग आपल्या भागात झाला तो कोरोनाच्या काळात. थोडी उजळणी करू.

६ जुलै २०२० ला यूजीसीने सांगितलं की अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्याच लागतील. मग ऑफलाइन घ्या, ऑनलाइन घ्या, नाहीतर दोन्ही मिळून घ्या. महाराष्ट्र सरकारला परीक्षा नको होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. युवासेनेची याचिकाही त्यात होती. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला : राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्याची मुभा मागता येईल, पण परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पास करता येणार नाही.

यानंतर दोन शेजारी राज्यांनी दोन वेगळे रस्ते धरले.

मध्य प्रदेशने ‘ओपन बुक’ पद्धत घेतली. प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाकली गेली. विद्यार्थ्याने ती उतरवून घ्यायची, घरी बसून स्वतःच्या हाताने कागदावर उत्तरं लिहायची आणि जवळच्या संकलन केंद्रावर नेऊन द्यायची. इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ, म्हणजे सगळे ज्याला डीएव्हीव्ही म्हणतात ते, याच पद्धतीने गेलं. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनंतर राज्यात पुन्हा हीच पद्धत वापरली गेली. त्या वेळी उच्च शिक्षण खातं डॉ. मोहन यादव यांच्याकडे होतं, जे डिसेंबर २०२३ पासून राज्याचे मुख्यमंत्री आहेत.

महाराष्ट्रात उदय सामंत उच्च शिक्षणमंत्री होते. तिथल्या विद्यापीठांनी प्रामुख्याने ऑनलाइन बहुपर्यायी प्रश्नांचा, म्हणजे एमसीक्यूचा रस्ता घेतला. मुंबई विद्यापीठात एका तासाचा, ५० गुणांचा पेपर झाला. त्यातही सगळं सुरळीत झालं असं नाही. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेच्या म्हणजे आयडॉलच्या परीक्षेवर ऑक्टोबर २०२० मध्ये सायबर हल्ला झाला आणि पेपर पुढे ढकलावे लागले.

आता नकाशा बघा. रावेर आणि बऱ्हाणपूर शेजारी शेजारी, मधे फक्त राज्याची हद्द. बऱ्हाणपूर तेव्हा डीएव्हीव्हीच्या कक्षेत होतं (आता खरगोनला वेगळं टंट्या भील विद्यापीठ झालं आहे), तर रावेर जळगावच्या विद्यापीठाकडे. दोन्हीकडे घरात मराठी बोलणारी, सारखीच पुस्तकं वाचणारी मुलं. एकाने घरी बसून पानंच्या पानं लिहिली, दुसऱ्याने एका तासात गोल निवडले. दोघांच्याही मार्कशीटवर प्रथम श्रेणी. आणि दोघंही एम.कॉम.च्या किंवा नोकरीच्या एकाच यादीत.

आधी शब्दांचा घोळ काढून टाकू

आपल्याकडे ‘ओपन बुक’ आणि ‘घरची परीक्षा’ हे एकच समजलं जातं. तसं नाही.

ओपन बुक म्हणजे पुस्तक उघडायला परवानगी. ती परीक्षा हॉलमध्ये, घड्याळ लावून, पर्यवेक्षकासमोर होऊ शकते. सीएच्या फायनलमध्ये अशी परीक्षा आहेच. सहावा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स, हा पुस्तकं उघडी ठेवून द्यायचा असतो आणि त्यात केस स्टडी असतात. ज्यांनी तो दिला आहे त्यांना विचारा, पिशवीभर पुस्तकं नेऊनही आधी वाचलेलं नसेल तर पान शोधण्यातच वेळ जातो. वकिलांच्या ऑल इंडिया बार परीक्षेतही पूर्वी पुस्तकं, नोट्स चालायच्या. २०२१ पासून फक्त कायद्याची कोरी प्रत, टिपणं नसलेली, नेता येते. म्हणजे कायदा पाठ करा असं कुणी म्हणत नाही, पण तयार उत्तरही आणू नका, एवढाच त्याचा अर्थ.

घरची परीक्षा म्हणजे पर्यवेक्षकच नाही. वेळ तासांची नाही, दिवसांची. कुणी लिहिलं, कुणाला विचारून लिहिलं, हे बघणारं कोणी नाही. २०२० चा आपला प्रयोग हा दुसऱ्या प्रकारचा होता, नाव मात्र पहिल्याचं लागलं. पुढच्या चर्चेत हा फरक लक्षात ठेवणं गरजेचं आहे, कारण फायदे बहुतेक पहिल्या गोष्टीचे आहेत आणि तोटे बहुतेक दुसऱ्या गोष्टीचे.

बाजू पहिली : घरच्या परीक्षेत चांगलं काय?

पहिला फायदा पाठांतराचा. तीन तासांच्या पेपरात ‘नावलौकिकाची व्याख्या द्या व पाच वैशिष्ट्ये लिहा’ असा प्रश्न येतो. आम्ही बी.कॉम.ला असताना हे असेच प्रश्न होते, आजही फार बदललेले नाहीत. गाईडातून पाच वैशिष्ट्यं पाठ करायची, उतरवायची आणि हॉलच्या बाहेर पडताच विसरायची. कामाच्या ठिकाणी कुणी व्याख्या विचारत नाही. अकाउंटंटच्या टेबलावर पुस्तक उघडंच असतं, कायदा उघडा असतो, इंटरनेट चालू असतं. नोकरीत रोज ओपन बुक परीक्षा असते, मग शिकताना ती बंद पुस्तकाची का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा फायदा वेळेचा. खरं विचार करायला लावणारं उत्तर तीन तासांत सात प्रश्न या हिशोबात बसत नाही. दोन-तीन दिवस मिळाले तर विद्यार्थी आकडे जमवू शकतो, चार लोकांकडे जाऊन माहिती घेऊ शकतो, लिहिलेलं खोडून पुन्हा लिहू शकतो.

तिसरा फायदा अंतराचा आणि परिस्थितीचा. बडवानी किंवा झाबुआकडच्या पाड्यावरची मुलगी, दिवसा दुकानात उभा राहणारा मुलगा, लेकराला झोपवून अभ्यास करणारी सून, आजारपणातून उठलेला कुणी. यांना परीक्षेचं केंद्र म्हणजे भाडं, मुक्काम आणि बुडालेला रोज. घरच्या परीक्षेत हा खर्च नाही.

चौथा फायदा, त्या एका दिवसाचं ओझं कमी होतं. आणि हॉलमध्ये बसवलं म्हणजे सगळं न्याय्य झालं असंही नाही. ४ मे २०२५ ला नीटच्या दिवशी इंदूरमध्ये वादळी पाऊस आला, काही केंद्रांवर वीज गेली, मुलांनी अंधुक उजेडात पेपर सोडवला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं. आदल्या वर्षी, जून २०२४ मध्ये, यूजीसी नेट परीक्षा झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. आणि व्यापमंचं नाव तर इथे वेगळं सांगायला नको. जुलै २०१३ मध्ये पीएमटीच्या वेळी दुसऱ्याच्या नावावर परीक्षा द्यायला आलेले तोतये याच शहरात पकडले गेले आणि तिथून तो घोटाळा चव्हाट्यावर आला. ती परीक्षा बंद हॉलमध्येच होती. ‘हॉलमध्ये घेतली म्हणजे खरी’ असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

बाजू दुसरी : नुकसान कुठे होतं?

पहिलं आणि सगळ्यात मोठं, उत्तर कुणाचं हे कळत नाही. हाताने लिहायला लावलं म्हणून अक्षर तेवढं विद्यार्थ्याचं, मजकूर कुणाचाही. मोठा भाऊ, क्लासवाले सर, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. एकाने लिहायचं, चाळीस जणांनी उतरवायचं. आता तर भाऊही नको, एआय आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत हार्वर्डमध्ये २०१२ मध्ये एका विषयाची अंतिम परीक्षा घरी दिली होती. पुस्तक चालेल, नोट्स चालतील, इंटरनेट चालेल, फक्त दुसऱ्याशी बोलायचं नाही, अशी अट. वर्गात २७९ विद्यार्थी होते. सुमारे १२५ जणांची उत्तरं संशयास्पद वाटून चौकशी झाली आणि अनेकांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावं लागलं. जिथे प्रवेश मिळणंच इतकं कठीण, तिथे ही अवस्था. म्हणजे दोष आपल्या पोरांच्या संस्कारांचा नाही, परीक्षेच्या रचनेचा आहे. कुलूप न लावता तिजोरी उघडी ठेवायची आणि मग लोकांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायची, असा तो प्रकार.

दुसरं नुकसान प्रामाणिक विद्यार्थ्याचं. याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्याने खरंच स्वतः बसून लिहिलं त्याला ६२ पडले आणि ज्याने उतरवलं त्याला ७४. हॉलमध्येही कॉपी होते, पण तिथे पकडले जाण्याची भीती असते. घरी तीही नाही. अशा दोन-तीन परीक्षा झाल्या की प्रामाणिक पोरगाही म्हणतो, मी एकटाच कशाला येडा ठरू?

तिसरं, घर सगळ्यांचं सारखं नसतं. वर आपण पाड्यावरच्या मुलीचा फायदा सांगितला. तिचाच तोटाही आहे. हॉलमध्ये तिला तीन तास कुणी पाणी भरायला उठवत नाही. टेबल मिळतं, उजेड मिळतो, शेजारच्या श्रीमंत घरच्या मुलालाही तेवढंच मिळतं. घरच्या परीक्षेत त्याच्याकडे शांत खोली, लॅपटॉप, पैसे भरून घेतलेलं एआय आणि शिकवणीचे सर, हिच्याकडे एक मोबाईल आणि तोही वडील घरी आल्यावर. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन ओपन बुक परीक्षा घेतली. तीन तास लिहायला आणि एक तास उत्तरं अपलोड करायला. तेव्हा दृष्टिहीन आणि इंटरनेट नसलेल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी थेट उच्च न्यायालयात मांडाव्या लागल्या. मध्य प्रदेशने उत्तरं अपलोड न करवता केंद्रावर कागद जमा करायला लावले, ते या बाबतीत जास्त शहाणपणाचं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

चौथं नुकसान शिक्षकाचं, आणि त्यातून पुन्हा विद्यार्थ्याचं. साधा हिशोब करा. ८० जणांचा वर्ग, प्रत्येकाने दहा पानं लिहिली, तर ८०० पानं. ती नीट वाचून, एकमेकांशी ताडून बघायची तर एका शिक्षकाचे कित्येक दिवस जातील. आपल्या कॉलेजांत कायम शिक्षक किती आणि अतिथी म्हणून तासावर येणारे किती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग होतं काय? पानं मोजली जातात, मजकूर नाही.

पाचवं, पदवीच्या किमतीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये तामिळनाडूत एका खासगी बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत ‘२०२१ मध्ये उत्तीर्ण झालेले पात्र नाहीत’ असं छापून आलं. गदारोळ झाल्यावर बँकेने ती छपाईची चूक असल्याचं सांगितलं. चूक असेलही. पण ती वाचून देशभरातल्या पोरांच्या पोटात गोळा आला, कारण ‘कोरोना बॅच’ हा टोमणा त्यांनी तोपर्यंत ऐकलेला होता. ज्या मुलांनी परीक्षेची पद्धत ठरवली नाही, त्यांच्याच माथ्यावर शिक्का बसला.

सराफा हे कसं बघतो?

सोनं खरं आहे की नाही हे पूर्वी कसोटीच्या दगडावर घासून बघायचे. आजही जुने सराफ बघतात. पण १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. हा शिक्का दुकानदार स्वतः मारत नाही. मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी होते, तिथे मारला जातो. त्यामुळे इंदूरचा दागिना जळगावच्या सराफाकडे नेला तरी तो ९१६ च समजला जातो.

पदवीचं काम हेच आहे. एका राज्यात मिळालेली पदवी दुसऱ्या राज्यात न घासता चालली पाहिजे. सीमेवरच्या आपल्या लोकांसाठी तर हा रोजचा प्रश्न आहे. बऱ्हाणपूरचा मुलगा जळगावात नोकरी मागतो, धुळ्याची मुलगी इंदूरला एम.बी.ए. करते, बेळगावचा पुण्याला जातो, बिदरचा लातूरला. पदवीवरचा विश्वास उडाला की मालक स्वतःचा दगड काढतो. म्हणजे काय, तर स्वतःची लेखी चाचणी घेतो, ओळखीतला पोरगा मागतो, नाहीतर तीन महिने बिनपगारी ‘बघतो’. यात नुकसान कुणाचं? ज्याची ओळख नाही त्याचं. मोठ्या घरच्या मुलाला पदवीची गरज तशीही कमी असते. पदवी हा ज्याच्यामागे कुणी नाही त्याचा हॉलमार्क असतो. तो पुसट झाला की सगळ्यात आधी तोच बुडतो.

म्हणूनच ‘पोरांना सोपं जाईल’ म्हणून घरच्या परीक्षेला पाठिंबा देणाऱ्या संघटनांनी हा विचार करायला हवा. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा वर्गात होणार म्हटल्यावर इथे ओपन बुकसाठी आंदोलनं झाली. दोन वर्षं वर्ग नीट भरले नव्हते, तेव्हा त्या मुलांची भीती खरी होती. पण शिकवलं नाही, याचं उत्तर तपासू नका, हे नाही. शिकवा, हे आहे.

परीक्षा घरात शिरलेलीच आहे

अनेकांना वाटतं की हा विषय कोरोनाबरोबर संपला. तसं नाही. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षं ३० टक्के वजन घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटला आहे, आणि सोडवलेल्या तयार असाइनमेंट विकत मिळतात हेही उघड गुपित आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने त्यात भर घातली. मध्य प्रदेशने ते २०२१-२२ पासूनच लागू केलं, महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. अंतर्गत मूल्यमापन वाढलं, प्रोजेक्ट आले, इंटर्नशिप आली. हे सगळं घरूनच होतं. म्हणजे घरची परीक्षा हवी की नको, हा प्रश्न मागे पडला आहे. ती आहेच. ती नीट घ्यायची की कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून बाइंडिंग करून आणलेल्या फायलीवर सही मारायची, एवढाच प्रश्न उरला आहे.

सीबीएसईचा जुना अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोर्डाने २०१३-१४ मध्ये नववी आणि अकरावीला ‘ओपन टेक्स्ट’ पद्धत आणली होती आणि काही वर्षांत ती गुंडाळली. उघड्या पुस्तकातून विचार करायला लावणारे प्रश्न काढणं सोपं नसतं. आता तीच गोष्ट पुन्हा येते आहे, तर आधी शिक्षकांना तयार करावं लागेल.

मग करायचं काय?

एक उदाहरण घेऊ. वाणिज्य शाखेचाच प्रश्न घेतो. समजा एका पेढीने तीन वेळा १००-१०० ग्रॅम सोनं घेतलं. पहिल्यांदा ग्रॅमला ६,००० रुपये, मग ७,०००, मग ८,०००. त्यातलं २०० ग्रॅम विकलं गेलं. उरलेल्या १०० ग्रॅमची किंमत काय धरायची?

जे आधी आलं ते आधी गेलं, म्हणजे फिफो पद्धतीने, ती ८ लाख रुपये येते. भारित सरासरीने ७ लाख. माल तोच, तिजोरी तीच, पण नफ्यात एक लाखाचा फरक. लेखा मानक २ प्रमाणे या दोन्ही पद्धती चालतात, शेवटी आलेलं आधी गेलं ही लिफो पद्धत चालत नाही.

‘फिफो म्हणजे काय’ हा प्रश्न घरी देण्यात काही अर्थ नाही. वरचं गणितही एआय एका क्षणात करून देईल. पण असं विचारता येईल : तुमच्या गावातल्या एखाद्या दुकानात जा, ते मालाची किंमत कशी धरतात ते बघा, दुसरी पद्धत घेतली तर नफा कितीने बदलेल ते काढा, बँकेत कर्ज मागताना मालकाला कोणती पद्धत आवडेल आणि कर भरताना कोणती ते लिहा, आणि दरवर्षी सोयीने पद्धत का बदलता येत नाही ते सांगा. आणि मग समोर बसवून पाच मिनिटं विचारा : ‘भाव वाढायच्या ऐवजी पडले असते तर?’ ज्याने स्वतः केलंय तो थोडा अडखळेल, पण सांगेल. ज्याने उतरवलंय तो वहीकडे बघेल.

पाच मिनिटांची तोंडी परीक्षा फार मोठी गोष्ट नाही. ८० विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे ४०० मिनिटं, सहा तास चाळीस मिनिटं. दोन दुपारी. ८०० पानं ताडून बघण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि जास्त खरं आहे.

यावरून काही गोष्टी सुचवता येतात.

एक, घरचं काम आणि हॉलचा पेपर असे दोन्ही ठेवा. विचार करायचा, माहिती जमवायची ते घरी. पाया तपासायचा, म्हणजे जर्नल एंट्री येते का, ताळेबंद जुळवता येतो का, ते हॉलमध्ये. दोन्हींत वेगवेगळं पास होणं सक्तीचं करा, म्हणजे घरच्या गुणांवर हॉलचं अपयश झाकलं जाणार नाही.

दोन, तोंडी परीक्षेशिवाय घरच्या कामाला गुण नकोत. आणि ती घेणाऱ्या शिक्षकाला त्या वेळेचा मोबदला द्या. अतिथी शिक्षकाकडून फुकट अपेक्षा करायची आणि दर्जाच्या गप्पा मारायच्या, हे चालणार नाही.

तीन, एआयवर नुसती बंदी घालू नका. ती पाळली जाते की नाही हे बघायचं साधन कुणाकडेच धड नाही. त्यापेक्षा ‘वापरलंत तर कुठे वापरलं, त्यातलं काय चुकीचं निघालं’ हे लिहायला लावा. उद्या ऑफिसात त्यांना तेच करायचं आहे.

चार, उघड्या पुस्तकाची परीक्षा आधी हॉलमध्ये सुरू करा. पाठांतर कमी करायचं असेल तर त्यासाठी पेपर घरी पाठवायची गरज नाही. सीएच्या परीक्षेने ते दाखवून दिलं आहे.

पाच, मार्कशीटवर हॉलचे, घरचे आणि तोंडी गुण वेगवेगळे छापा. हॉलमार्कवर जसा शुद्धतेचा आकडा असतो तसं. मग रावेरच्या आणि बऱ्हाणपूरच्या मार्कशीटची तुलना करायला मालकाला अंदाज बांधावा लागणार नाही.

पालक आणि विद्यार्थ्यांसाठी

प्रवेशाच्या दिवसांत आपण कॉलेजची इमारत बघतो, फी विचारतो, प्लेसमेंटचे आकडे विचारतो. त्याबरोबर एवढं विचारून घ्या : अंतर्गत गुण कशाचे देता? प्रोजेक्टवर तोंडी परीक्षा होते का, कोण घेतं, किती वेळ? तपासलेला प्रोजेक्ट शेरे मारून परत मिळतो का? या तीन प्रश्नांना जिथे नीट उत्तर मिळेल, तिथे घरून लिहिलेल्या पेपरालाही किंमत आहे. जिथे ‘त्याची काळजी करू नका, मार्क मिळून जातात’ असं ऐकू येईल, तिथे खरी काळजी करायची वेळ आलेली असते. ते मार्क मिळतील, पण नोकरी मागायला गेल्यावर पोरगं एकटंच असेल.